उंदीर घरात, साप दारात: आगोटीच्या तयारीत किनाऱ्यावरच्या घरांनी काय विसरू नये

रायगड किनारपट्टी : उरणपासून श्रीवर्धनपर्यंत मे महिना म्हणजे आगोटीची धांदल. घर शाकारायचं, लाकूडफाटा पडवीत घ्यायचा, सुकट-बोंबील डब्यात भरायचे, भाताचं बियाणं काढून ठेवायचं. याच दिवसांत उंदीर, झुरळं, विंचू हेही कोरडी जागा शोधत घरात शिरतात. पहिला मोठा पाऊस झाला, बिळांत पाणी गेलं की त्यांच्यामागून सापही येतात.

घरातल्या उंदीर-झुरळांकडे आपण कटकट म्हणून बघतो. गोणी कुरतडली, कपडे फाडले, एवढंच त्यांचं नुकसान मोजतो. पण किनाऱ्यावरच्या गावांत हा प्रश्न थेट जीवाचा आहे. विंचूदंश, सर्पदंश आणि लेप्टोचा ताप या तिन्हींचा एक धागा घरातल्या उंदराकडे नाहीतर झुरळाकडे जातो. आणि त्यांना मारायला आणलेलं विष हा चौथा धोका.

विंचवावर औषध सापडलं ते याच जिल्ह्यात

रायगडमधल्या जुन्या माणसांना विंचवाची भीती काय होती ते आठवत असेल. लाल विंचू चावला की अंगाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग छातीत पाणी भरल्यासारखा दम लागायचा आणि धडधाकट माणूस किंवा लहान मूल एक-दोन दिवसांत जायचं. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा असे रुग्ण त्यांच्यासमोर येत होते. त्यांनी एकेका रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या. विंचवाचं विष हृदयावर आणि रक्तदाबावर कसा परिणाम करतं, हे त्यांनी मांडलं. १९८२ मध्ये त्यांचा अभ्यास ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी विंचूदंशावर चालते हे त्यांनी दाखवलं आणि १९८६ मध्ये तेही लॅन्सेटमध्ये छापून आलं.

या औषधाआधी पश्चिम भारतातल्या नोंदींत विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस ते तीस जण दगावत. प्राझोसिन आल्यावर हा आकडा शंभरात चारच्याही खाली आला. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. रायगडने जगाला दिलेली ही मोठी देणगी आहे.

पण औषधाचं काम चावल्यानंतर सुरू होतं, आणि माणूस वेळेत दवाखान्यात पोहोचला तरच होतं. चावा होतो तो घरात किंवा घराच्या आसपास: चुलीजवळच्या लाकडांत, जांभ्याच्या भिंतीच्या फटीत, कौलाखाली, खुंटीवरच्या कपड्यांत, रात्री बाहेर ठेवलेल्या चपलेत. तिथे डॉक्टर पोहोचू शकत नाही. तिथलं काम घरातल्या माणसांचंच आहे.

कोण कोणाला खायला येतं?

विंचू आपल्याला चावायला घरात येत नाही. तो झुरळं, रातकिडे, छोटे किडे खायला येतो. ज्या घरात रात्री मोरीत आणि ओट्याखाली झुरळं फिरतात, तिथे विंचवाला रोजचं जेवण मिळतं. लाकडाचा ढीग आणि भिंतीतली भेग ही त्याची राहायची जागा.

सापाचंही तसंच. नाग, घोणस उंदराच्या वासाने घराकडे येतात. मण्यार उंदीर, पाली आणि दुसरे सापही खाते. कोकणात सगळीकडे आढळणारं फुरसं दगड-पाल्याखाली, कुंपणाच्या गडग्यात दबा धरून असतं. म्हणजे घरात उंदीर वाढले की सापाला आमंत्रण गेलंच.

आणि उंदीर कशाला येतो? खायला आणि राहायला. जमिनीवर ठेवलेली तांदळाची गोणी, झाकण नसलेला सुक्या मासळीचा डबा, रात्रभर तशीच पडलेली खरकटी भांडी, गोठ्यातलं सांडलेलं खाद्य, मागीलदारी टाकलेली माशांची डोकी-आतडी. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज होतात आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण सुरू करतात. मे महिन्यात दिसलेली एक जोडी गणपतीपर्यंत किती होईल, याचा हिशेब घरच्या घरी करता येतो.

वर आपण एक उलटं कामही करतो. धामण दिसली की तिला काठीने मारतो. धामण बिनविषारी असते आणि उंदीर खाऊनच जगते. घुबड वाड्यात बसलं की अपशकुन म्हणून हाकलतो, तेही रात्रभर उंदीरच मारत असतं. फुकटचे राखणदार आपण घालवतो आणि मग बाजारातून विष आणतो.

जमिनीवर झोपणाऱ्यांना जास्त धोका

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, म्हणजे ऐन लावणी-बेणणीच्या दिवसांतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्यात ठरलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना पत्र लिहून प्रत्येक सर्पदंशाची आणि मृत्यूची नोंद सक्तीची करायला सांगितलं.

आराखडा दिल्लीत होतो, साप मात्र आपल्या पडवीत येतो. मण्यारीचं उदाहरण घ्या. ती रात्री फिरते. जमिनीवर गोधडी टाकून झोपलेल्या माणसाला चावते आणि चावा इतका बारीक असतो की कित्येकदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. घरच्यांना वाटतं, काहीतरी बाधलं. ओवा-सोडा देण्यात तास-दोन तास जातात आणि मग श्वास बंद पडायला लागतो.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खाट आणि मच्छरदाणी. खाट नसेल तर जमिनीवर झोपतानाही मच्छरदाणी लावायची आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचायच्या. तीच मच्छरदाणी डास अडवते, विंचू अडवते आणि सापही अडवते.

लेप्टो: उंदीर दिसत नाही, पण पाण्यात असतो

लेप्टोस्पायरोसिस म्हणजे गावच्या बोलीत ‘लेप्टो’. उंदराच्या, काही वेळा गुराढोरांच्या आणि कुत्र्याच्या लघवीतून याचे जंतू पाण्यात, चिखलात उतरतात. पायाला चीर असेल किंवा पाण्यात राहून कातडी मऊ पडली असेल तर तिथून शरीरात जातात. भाताच्या खाचरात अनवाणी उतरणारा, गोठा साफ करणारा, पुराच्या पाण्यातून चालणारा प्रत्येक जण या वाटेवर असतो.

२६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली, तेव्हा शहरवाल्यांना हे नाव कळलं. रायगडने तर त्यानंतरही २२ जुलै २०२१ चा महाडचा पूर पाहिला. घराघरांतलं भिजलेलं धान्य, गाद्या, दुकानांतला कुजलेला माल रस्त्यावर ढिगाने पडला होता. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग पट्ट्यात माड-पोफळी आडव्या केल्या, छपरं उडवली. अशा आपत्तीनंतर पत्रे, कौलं, झावळ्या, फांद्या यांचे ढिगारे महिनोनमहिने वाडीत पडून राहतात. उंदीर, विंचू, साप यांना याहून चांगलं घर मिळत नाही. म्हणून वादळ-पुरानंतर ढिगारा उचलणं हे फक्त साफसफाईचं काम नाही, आरोग्याचं काम आहे.

लेप्टोची खूण लक्षात ठेवावी: अचानक थंडी वाजून ताप, पिंढऱ्यांत सणकून दुखणं, डोळे लाल. पुढे डोळे पिवळे पडणं, लघवी कमी होणं म्हणजे आजार यकृत आणि मूत्रपिंडापर्यंत गेला. सुरुवातीला साध्या अँटिबायोटिकने बरा होणारा हा ताप अंगावर काढला तर जीव घेतो. दवाखान्यात गेल्यावर ‘शेतात उतरलो होतो’, ‘पुराच्या पाण्यातून आलो’ हे आपणहून सांगायचं. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्सिसायक्लिनची गोळी प्रतिबंध म्हणून दिली जाते. ती मेडिकलमधून मनाने न घेता आरोग्य केंद्रात विचारून घ्यावी. गरोदर बाई आणि लहान मुलं असतील तर डॉक्टरला आधी सांगावं.

विष आणलं की धोका घरात आला

उंदीर वाढले की पहिली धाव दुकानाकडे. तिथे मिळणाऱ्या ट्यूबमधल्या पेस्टमध्ये बऱ्याचदा पिवळा फॉस्फरस असतो. पाव, टोमॅटो, भजी यांना ती लावून कोपऱ्यात ठेवली जाते. जुलै २०२२ मध्ये मुंबईत मालाडला एका महिलेने उंदरांसाठी पेस्ट लावून ठेवलेला टोमॅटो चुकून स्वतःच्या जेवणात चिरून घातला आणि तिचा जीव गेला. दोन खोल्यांचं घर असो की दहा खोल्यांचा वाडा, अशी चूक कुठेही होऊ शकते. लहान मुलं तर ट्यूब टूथपेस्ट समजून तोंडात घालतात.

या विषाचा कावा असा की पहिल्या दिवशी थोडी मळमळ-उलटी होते, मग माणूस बरा वाटतो. घरचे म्हणतात, निघून गेलं. तीन-चार दिवसांनी कावीळ दिसते, तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. याला उतारा नाही. तमिळनाडूने या पेस्टच्या विक्रीवर बंदी घातली आहे. म्हणून घरात कोणी चुकून खाल्लं असेल, तर बरं वाटत असलं तरी त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्यायचं आणि ट्यूब सोबत न्यायची.

दुसरा धोका धान्यात ठेवायच्या गोळ्यांचा. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांना दमट हवा लागली की विषारी वायू सुटतो, आणि किनाऱ्यावरच्या हवेला दमटपणाची काय कमतरता! कायद्याने या गोळ्या वापरायचा अधिकार सरकारी तज्ज्ञ आणि परवानाधारक कीडनियंत्रकांनाच आहे. तरी कोणी हातात ठेवल्या तर झोपायच्या खोलीत, बंद घरात त्या कधीच ठेवायच्या नाहीत.

विषाने प्रश्न मिटतही नाही. चार उंदीर मरतात, खाणं आणि बीळ तसंच राहतं, शेजारच्या गोठ्यातले चार येतात. मेलेला उंदीर माळ्यावर कुजतो नाहीतर मांजर खाते आणि तीही मरते. पिंजरा लावणं कटकटीचं वाटतं, पण त्यात हा धोका नाही. पिंजऱ्यातला किंवा मेलेला उंदीर उघड्या हाताने धरू नये. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून उचलावा, खोल पुरावा, हात साबणाने धुवावेत.

घरात करायची कामं

यातल्या बहुतेक कामांना पैशापेक्षा एक रविवार जास्त लागतो.

• फटी बुजवा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो. मोरीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी, दाराखाली पत्र्याची किंवा रबराची पट्टी, जांभ्याच्या भिंतीतल्या भेगांना सिमेंट. बिळात नुसती माती भरली तर रात्रीत उकरली जाते. काचेचे तुकडे घालून वर सिमेंट लिंपावं.

• धान्य जमिनीवरून उचला. तांदूळ, बियाणं, डाळी पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात. गोण्याच ठेवायच्या तर फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. मागे झाडू फिरला पाहिजे.

• सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात. पिशवी खुंटीला टांगली म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज आहे. उंदीर दोरीवरून उतरतो.

• रात्री मोरी कोरडी. झुरळाला खरकट्याइतकंच पाणी लागतं. भांडी रात्रीच घासली, मोरीवर झाकण टाकलं की झुरळं निम्मी होतात आणि विंचवाचं खाणं तुटतं.

• लाकूडफाटा घराला चिकटून नको. शक्य असेल तर वेगळ्या खोपटात, दगडांवर फळ्या टाकून उंच. पावसात पडवीतच ठेवावा लागला तर झोपायच्या जागेपासून लांब, आणि लाकूड काढताना बॅटरी मारून, काठीने हलवून.

• चपला, गमबूट, कपडे झटकून घाला. शाळेत जाणाऱ्या पोरांना हे एकदा दाखवून ठेवा.

• छपरावर टेकलेल्या फांद्या तोडा. माडावरचा उंदीर त्याच वाटेने कौलावर उतरतो.

• अंधारात बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही, मागीलदारी जायचं असलं तरी.

एका घराने भागत नाही

एका घराने सगळं केलं आणि शेजारी उकिरडा तसाच राहिला तर उपयोग अर्धाच. इथे ग्रामपंचायतीचा प्रश्न येतो. कोळीवाड्यांत मासळी साफ करून उरलेलं बंदराजवळच टाकलं जातं. अलिबाग, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर पट्ट्यात शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांमागे हॉटेल, खानावळी, होमस्टे वाढले. त्यांचं उरलेलं अन्न रात्री कुठे जातं, हे गावातला प्रत्येक जण जाणतो. पर्यटनाचा पैसा काही घरांत येतो, उंदीर मात्र सगळ्या आळीत वाटले जातात.

पैसा नाही, असं ग्रामपंचायतीला सरसकट म्हणता येत नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. तो किती आला, कशावर गेला, कचरा उचलायची सोय झाली का, पुढच्या आराखड्यात काय धरलं आहे, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर असतेच. तिची बैठक पावसाळ्याआधी झाली का, एवढा एक प्रश्न विचारला तरी हालचाल होते.

चावलंच तर

सगळी काळजी घेऊनही चावा होऊ शकतो. तेव्हा घट्ट दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने चोखणं, भगताकडे नेणं यातलं काहीच करायचं नाही. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, अंगठी-बांगडी-पैंजण काढायचं, १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठायचं. साप पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर एकच असते.

किनाऱ्यावर अंतर हाच शत्रू आहे. श्रीवर्धनहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात यायचं तर दिघी-आगरदांडा खाडी बोटीने ओलांडायची किंवा माणगावकडून वळसा घ्यायचा. म्हणून आपल्या जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आणि प्राझोसिनची गोळी आहे, रात्री डॉक्टर असतो का, हे आशाताईंकडून आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवावं. रात्री दोन वाजता ही चौकशी होत नाही.

शेतकरी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश आणि विंचूदंशाने झालेला मृत्यू धरला जातो आणि वारसाला २ लाख रुपये मिळतात. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला आणखी एक जण, वय १० ते ७५, यात बसतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत करायचा असतो आणि रुग्णालयाचे कागद लागतात. भगताकडे गेलेल्या माणसाचे कागद होत नाहीत, हेही लक्षात ठेवावं.

पण २ लाख हे माणूस गेल्यानंतरचे. त्याआधीचा खर्च म्हणजे जाळीचा तुकडा, थोडं सिमेंट, झाकणाचं पिंप आणि एक मच्छरदाणी. आगोटीच्या सामानाच्या यादीत मीठ-मसाल्याखाली एवढ्या चार गोष्टी लिहिल्या तरी पुरेसं आहे.